आधी बोट हलतं, मग कारण सापडतं: फोटोतली आपली नजर कशी घडते

२०२४ मध्ये एका फोटोस्पर्धेत मोठी गंमत झाली. स्पर्धेत कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांसाठी एक वेगळा विभाग होता. त्यात एका फ्लेमिंगोचं चित्र सगळ्यांना आवडलं: वाळूवर दोन काटकुळे पाय, त्यावर गुलाबी पिसांचा गोळा आणि डोकं गायब. परीक्षकांनी त्याला तिसरा क्रमांक दिला, लोकांच्या मतदानातही तेच जिंकलं. मग ते पाठवणाऱ्या माइल्स अ‍ॅस्ट्रे यांनी सांगून टाकलं की हा कॅमेऱ्याने काढलेला खराखुरा फोटो आहे. पक्ष्याने पोट खाजवायला मान वाकवली होती, एवढंच. नियमाप्रमाणे फोटो बाद झाला. त्याच्या आदल्याच वर्षी याच्या उलट घडलं होतं. बोरिस एल्डागसेन यांनी यंत्राकडून करवून घेतलेलं चित्र सोनी जागतिक छायाचित्रण पुरस्कारांसाठी पाठवलं, ते एका विभागात पहिलं आलं आणि त्यांनी बक्षीस नाकारलं.

या दोन बातम्यांनंतर हौशी फोटोवाल्यांच्या गप्पांत एकच प्रश्न फिरू लागला. सुंदर चित्र यंत्र काढून देत असेल, तर मी पहाटे उठून कॅमेरा घेऊन का जायचं? जाणकार उत्तर देतात, 'स्वतःची दृष्टी विकसित करा, अंतःप्रेरणेचं ऐका.' ऐकायला छान आहे. पण सोमवारी सकाळी उठून नेमकं करायचं काय, हे त्यातून काही कळत नाही. मला तरी कित्येक वर्षं कळलं नव्हतं.

फ्लेमिंगोच्या फोटोत याचं निम्मं उत्तर आहे. समोर नेहमीसारखा सुंदर पक्षी होता, पण त्या माणसाला त्याच्या सौंदर्यापेक्षा त्या क्षणीचा त्याचा विचित्रपणा टिपावासा वाटला. हे 'वाटणं' कुठून येतं, आणि त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा, याचीच आता जरा फोड करू.

## आधी दोन शब्द सोडवू

अंतःप्रेरणा हा शब्द जड आहे आणि त्याच्याभोवती उगाचच दैवी वलय आहे. या लेखापुरता त्याचा अर्थ साधा ठेवू: कारण सांगता येण्याआधीच होऊन गेलेला निर्णय. जिन्यावर पावलं वाजतात आणि दार उघडण्याआधीच तुम्हाला कळतं, कोण आलंय ते. कसं कळलं, असं कुणी विचारलं तर धड सांगता येत नाही. चालण्याचा वेग, एक पाय किंचित घासणं, शेवटच्या पायरीवर क्षणभर थांबणं, हे सगळं तुम्ही हजार वेळा ऐकलेलं असतं. मोजलेलं मात्र कधीच नसतं.

दुसरा शब्द दृष्टी. मी त्याऐवजी 'नजर' म्हणेन, कारण बोलताना आपण 'तिला नजर आहे' असंच म्हणतो. एकाच माणसाने काढलेल्या पुष्कळ फोटोंतून जो कल दिसतो, ती त्याची नजर. हे बरंचसं अक्षरासारखं आहे. लहानपणी सगळ्यांनी एकच कित्ता गिरवलेला असतो, तरी पुढे प्रत्येकाचं अक्षर निराळं होतं. माझा 'ळ' असाच वळणार, असं कुणी बसून ठरवत नाही. लिहून लिहून ते आपोआप होतं. आणि आपलं अक्षर किती वेगळं आहे हे कळतं ते दुसऱ्याच्या अक्षराशेजारी ठेवल्यावरच. लिहिताना ते कळत नाही.

## डोळा कॅमेऱ्यासारखा बघत नाही

हात लांब करा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. आपल्याला अगदी स्पष्ट दिसतं ते साधारण तेवढंच क्षेत्र, जेमतेम दोन अंशांचं. बाकीचं सगळं धूसर असतं. ते जाणवत नाही, कारण डोळे सेकंदाला तीन-चार वेळा जागा बदलतात आणि मेंदू तुकडे जोडून एक अखंड चित्र उभं करतो. मग डोळा नेमक्या कुठल्या तुकड्यांवर जातो? याचा शोध घेताना आल्फ्रेड यार्बस या रशियन शास्त्रज्ञाने लोकांना एकच चित्र पुन्हापुन्हा दाखवलं, फक्त प्रत्येक वेळी प्रश्न बदलला. चित्रातल्या माणसांची वयं किती असतील? हे घर श्रीमंत आहे का? प्रश्न बदलला की डोळ्यांचा चित्रावरून फिरण्याचा रस्ताही बदलत होता. म्हणजे डोळा नुसता हिंडत नाही, काहीतरी विचारत हिंडतो.

हे सगळं घडतं तेही फार झपाट्याने. १९९६ साली सायमन थॉर्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना एकेक फोटो फक्त २० मिलिसेकंद दाखवून विचारलं की यात प्राणी आहे का. प्राणी असलेल्या आणि नसलेल्या फोटोंमुळे मेंदूतले संकेत १५० मिलिसेकंदांच्या आतच वेगळे होत होते. 'अरे, कुत्रा!' एवढं मनातल्या मनात म्हणायलाही याहून जास्त वेळ लागतो.

कॅमेऱ्याला यातलं काहीच जमत नाही. तो समोरचं सगळं इमानेइतबारे उचलतो. म्हणून तर घरी येऊन फोटो पाहिल्यावर मैत्रिणीच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला दिसतो. खांब तिथे होताच, पण तुमच्या डोळ्याने तो वगळून टाकला होता, कारण डोळा तिच्या हसण्यावर होता. या चुकीचं लोक फार वाईट वाटून घेतात. मला ती मोलाची वाटते, कारण तुमच्या डोळ्याने काय निवडलं आणि काय टाकून दिलं याचा पुरावा त्या बिघडलेल्या फोटोतच असतो. तुमची अंतःप्रेरणा म्हणजे ही निवडच. फोटोग्राफीचं निम्मं काम म्हणजे डोळ्याने आधीच केलेली निवड कॅमेऱ्याला समजेल अशा रीतीने मांडणं: दोन पावलं पुढे जाणं, गुडघ्यावर बसणं, खांब चौकटीबाहेर घालवणं.

## चंद्राचा उजेड पाठ असलेला माणूस

अमेरिकन छायाचित्रकार अन्सेल अ‍ॅडम्स यांचा न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो अनेकांनी कुठे ना कुठे पाहिला असेल. पुढे खगोलशास्त्राच्या गणिताने त्याची तारीख काढली गेली: १ नोव्हेंबर १९४१. (खुद्द अ‍ॅडम्स यांना साल धड आठवत नसे. तारखांच्या बाबतीत फोटोवाले बहुधा असेच असतात.) दिवसभर मनासारखं काही न मिळाल्यामुळे ते गाडीने परत चालले होते. रस्त्याच्या कडेला त्यांना दिसलं, की मावळतीचा उजेड दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर पडलाय, मागे ढग आहेत आणि वर चंद्र. गाडी थांबवून त्यांनी घाईघाईने अवजड कॅमेरा उभा केला आणि नेमका उजेड मोजायचा मीटर सापडेना. तेव्हा त्यांना आठवलं, की चंद्राची तेजस्विता चौरस फुटाला २५० कँडल असते. त्या आकड्यावरून मनातल्या मनात हिशेब करून त्यांनी एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते, ठरवलं आणि शटर दाबलं. खबरदारी म्हणून दुसरा फोटो घ्यायला गेले, तोवर क्रुसांवरचा उजेड निघून गेला होता.

ही गोष्ट बहुतेक वेळा 'बघा, कशी प्रेरणा झाली!' अशा थाटात सांगतात. मला त्यातला २५० हा आकडा जास्त बोलका वाटतो. रस्त्यावर गाडी थांबवायला लावणारी ओढ आणि डोक्यात तयार असलेला आकडा, दोन्ही एकाच मुशीतून आलेले आहेत: कित्येक वर्षं उजेडाकडे बघणं, मोजणं, चुकणं.

मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांचं म्हणणं असंच होतं. अंतःप्रेरणा म्हणजे ओळख पटणं, त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही. १९७३ मध्ये विल्यम चेस यांच्यासोबत त्यांनी बुद्धिबळावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवून झाकला, तर कसलेला खेळाडू बहुतेक सोंगट्या बरोबर मांडून दाखवी. त्याच सोंगट्या पटावर वाटेल तशा विखुरल्या, की तोही नवशिक्याच्याच पंगतीत. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अचाट नव्हती. त्याने खऱ्या डावांचे आकार इतके पाहिलेले होते, की ते त्याला शब्दांसारखे वाचता येत होते.

## वीस मैल पुढे जाऊन मागे वळणं

अंतःप्रेरणा दर वेळी विजेसारखी चमकते, असं मात्र नाही. कधीकधी ती नुसती खुपत राहते. मार्च १९३६ मध्ये छायाचित्रकार डोरोथिया लँग महिनाभराचं काम आटोपून पावसातून घरी चालल्या होत्या. कॅलिफोर्नियातल्या निपोमोजवळ मटार तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीची पाटी त्यांना दिसली आणि त्या थांबल्या नाहीत. काम झालं होतं, घरी जायचं होतं, कशाला आता, असं स्वतःला समजावत त्या वीसेक मैल पुढे गेल्या. मग गाडी वळवली आणि छावणीत शिरल्या. तिथे मुलांना बिलगून बसलेल्या एका आईचे त्यांनी मोजके फोटो घेतले. त्यातला एक अमेरिकेतल्या त्या काळच्या महामंदीचा चेहराच होऊन बसला. १९६० मध्ये आठवण लिहिताना त्यांनी म्हटलं, की मी तेव्हा विचाराने वागत नव्हते, आतल्या ओढीने वागत होते.

यात मला महत्त्वाचे वाटतात ते न थांबलेले वीस मैल. न थांबायची कारणं एकूण एक योग्य होती. कारणं भराभर सापडत जातात आणि तरीही खुपणं थांबत नाही, तेव्हा बहुधा काहीतरी असतं.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. लँग यांनी त्या बाईंचं नावही विचारलं नव्हतं. १९७८ मध्ये त्या कोण हे उजेडात आलं, तेव्हा त्यांनी त्या फोटोबद्दल नाराजीच बोलून दाखवली. आतून वाटलं म्हणून कुणाच्याही आयुष्यात कॅमेरा खुपसायचा परवाना मिळत नाही. ओढ तुम्हाला तंबूपर्यंत नेते. तिथून पुढे विचारणं, थांबणं, नको म्हटल्यास परतणं, हे सगळं साध्या माणुसकीचं काम आहे.

## मग मनात येईल ते खरं मानायचं?

नाही. इथेच घोडं पेंड खातं.

अंतःप्रेरणेवर विश्वास ठेवणारे गॅरी क्लाइन आणि तिच्याकडे संशयाने बघणारे डॅनियल कानेमन हे दोन मानसशास्त्रज्ञ काही वर्षं एकमेकांशी वाद घालत एकत्र काम करत होते. २००९ मध्ये त्यांनी मिळून एक लेख लिहिला आणि दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. आतला आवाज भरवशाचा व्हायला दोन अटी लागतात. ज्या क्षेत्रात काम करता तिथे काहीतरी नियमितपणा हवा, म्हणजे आज दिसलेली खूण उद्याही तोच अर्थ सांगायला हवी. आणि भरपूर सराव हवा, तोही असा की आपण चुकलो की बरोबर होतो हे नीट कळत राहील. आवाज किती ठाम आहे, याचा तो बरोबर असण्याशी संबंध नाही.

फोटोंच्या बाबतीत पहिली अट बऱ्यापैकी पुरी होते. उजेडाचे नियम रोज बदलत नाहीत, आणि हसण्याआधी चेहरा कसा हलतो तेही नाही. दुसरीचं मात्र आपण वाटोळं करून ठेवलंय. फोटो टाकला, दहा मिनिटांत किती अंगठे पडले ते पाहिलं, आणि तेवढ्यावर फोटोची परीक्षा संपली. हा सरावच आहे, पण कशाचा? लोकांना पटकन आवडेल ते ओळखण्याचा. वर्षभर असं केलं, की तुमचा आतला आवाज हुबेहूब गर्दीच्या आवाजात बोलू लागतो आणि तुम्हाला मात्र तो आपलाच वाटतो.

त्यात आणखी एक सापळा आहे. १९६८ मध्ये रॉबर्ट झायन्स यांनी दाखवून दिलं, की एखादी गोष्ट नुसती वारंवार नजरेसमोर आली तरी ती आपल्याला आवडू लागते. आपण दिवसाला शेकडो फोटो अंगठ्याने वर सरकवतो. निळंशार तळं, पाठमोरी उभी मुलगी, पिवळा रेनकोट. मग एखाद्या तळ्याकाठी गेल्यावर हात आपोआप तीच चौकट लावतो आणि आपण म्हणतो, 'आतून आलं!' आतून आलं खरं, पण ते काल रात्रीच बाहेरून आत गेलेलं असतं.

उसनी ओढ आणि खरी ओढ यांतला फरक ओळखायची हमखास युक्ती कुणाकडेच नाही. माझा अनुभव मात्र असा, की उसन्या ओढीने काढलेला फोटो काढताक्षणी समाधान देतो आणि आठवड्याभरात विसरायला होतो. खऱ्या ओढीचा फोटो पडद्यावर पाहून आधी जराशी निराशाच होते, 'हे काय काढलं मी?' असं वाटतं, आणि तरीही तो डिलीट करवत नाही.

## घेणारा वेगळा, निवडणारा वेगळा

माझ्या मते या विषयातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच आहे, आणि ती कॅमेऱ्याच्या कुठल्याच पुस्तिकेत नसते. फोटो घेणं आणि फोटो निवडणं ही दोन कामं आहेत. ती एकाच वेळी करू नयेत, आणि जमल्यास दोन निराळ्या माणसांसारखी करावीत. घेणाऱ्याने विचार करत बसायचं नाही. निवडणाऱ्याने घाई करायची नाही.

छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक १९५५ पासून अमेरिकाभर फोटो काढत फिरले. त्यांनी फिल्मचे ७६७ रोल वापरले, म्हणजे २७ हजारांच्या वर फोटो. त्यांतून झालेल्या पुस्तकात आले ८३. साधारण सव्वातीनशे फोटोंमागे एक. रस्त्यावर असताना ते पुस्तक त्यांच्या हातात आयतं नव्हतं. ते सापडलं पुढच्या कित्येक महिन्यांत, छोट्या प्रिंटांच्या ढिगातून एकेक बाजूला काढताना. गॅरी विनोग्रँड तर घेतलेले रोल मुद्दाम खूप दिवस, कधी वर्षभरही, धुवायलाच घेत नसत. फोटो काढतानाचा मूड आठवला, की फोटो आहे त्यापेक्षा चांगला वाटतो, म्हणून आधी तो मूड विसरला जाऊ दे, असा त्यांचा हिशेब होता. अर्थात या थांबण्यालाही काही धरबंध हवा. १९८४ मध्ये ते गेले तेव्हा सुमारे अडीच हजार रोल न धुतलेलेच पडून होते.

निवडतानाही कारणांची घाई कशी नडते, यावर टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा एक मजेदार प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना भिंतीवर लावायला एक पोस्टर निवडून घरी न्यायला सांगितलं. काही जणांना आधी आवडीनिवडीची कारणं लिहायला लावली, बाकीच्यांनी नुसतं बघून उचललं. काही आठवड्यांनी विचारलं तर कारणं लिहिणारे आपल्या पोस्टरवर कमी खूश होते. शब्दांत सांगायला सोपं असतं तेच त्यांनी निवडलं होतं, आणि सांगायला सोपं ते रोज बघायला चांगलं असतंच असं नाही.

म्हणून क्रम असा: आधी घ्या, मग विसरा, मग नुसतं बघून बाजूला काढा, आणि बाजूला काढलेल्यांचा ढीग पुरेसा मोठा झाला की मगच विचारा, 'हे सगळे माझ्याकडे का आले?' कारण शोधायचं ते ढिगाचं. एकेका फोटोचं नव्हे.

## फरशीवर मांडलेले दोनशे फोटो

हे मला कळलं ते पक्ष्यांमुळे. दोन वर्षं मी पक्ष्यांचे फोटो काढत होते. मोठी लेन्स, पहाटेचा गजर, झाडाखाली तासन्‌तास. फोटो स्वच्छ यायचे, पंखांची पिसं मोजता येतील असे. आणि दुसऱ्या कुणाच्याही पक्ष्यांसारखे. एकदा हार्ड डिस्क भरली म्हणून सफाईला बसले, तर पक्ष्यांमधेमधे भलतेच फोटो सापडायला लागले. कॅमेरा तपासायला म्हणून, वाट बघता बघता, घरी परतल्यावर उगाच दाबलेले. ते डिलीट करायला बोट जाईना. शेवटी असे दोनशे फोटो निवडून त्यांचे छोटे प्रिंट काढले आणि फरशीवर मांडले.

पहिला तासभर काहीच दिसलं नाही. मग सारखेपणावरून त्यांचे गट करायला लागले. खुर्चीच्या पाठीवर टाकलेला शर्ट, बाह्या अजून कोपरात वाकलेल्या. उशीवरचा डोक्याचा खळगा. उघडं पुस्तक, पालथं घातलेलं, वर चष्मा. पावसाने ओली झालेली बाकाची फळी आणि मधोमध एक कोरडा चौकोन, बसलेल्या माणसाएवढा. बागेतला झोका, रिकामा, पण दोरी धूसर आलेली, कारण तो अजून हलत होता.

दोनशेतले साठ-सत्तर फोटो असे होते. कुणीतरी नुकतंच उठून गेलंय. एकाही फोटोत माणूस नाही आणि एकही फोटो माणसाशिवायचा नाही. हा विषय मी कधीच ठरवला नव्हता. कुणी विचारलं असतं तर 'मी पक्षी काढते' असंच ठणकावून सांगितलं असतं.

## 'पण आधी नियम यायला नकोत का?'

यायलाच हवेत, आणि इतके अंगात मुरायला हवेत की आठवावे लागू नयेत. सायकल शिकताना तोल, पेडल, ब्रेक सगळं एकदम सांभाळायचं असतं, तेव्हा आजूबाजूचं काही दिसत नाही. तोल जमला की रस्ता दिसू लागतो. एक्स्पोजर आणि फोकस यांचंही तसंच आहे. बोटं स्वतःहून डायल फिरवायला लागली, की डोळा मोकळा होतो.

ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ यांना लोक 'नेमक्या क्षणा'चे जादूगार म्हणतात. पॅरिसच्या सेंट लाझार स्टेशनामागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा १९३२ चा फोटो कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून घेतलेला आहे. फट इतकी अरुंद, की फोटोच्या एका बाजूला फळीच आली आणि ती पुढे कापावी लागली. नशिबाचा भाग होताच. पण हाच माणूस त्याआधी आंद्रे ल्होत यांच्याकडे चित्रकला शिकला होता, चौकटीतल्या भूमितीचे धडे त्याने घोटले होते, आणि पुढेही बहुतेक काम त्याने एकाच ५० मिलिमीटरच्या लेन्सने केलं. लेन्स एकच असली की कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच चौकट कुठे संपणार ते कळू लागतं.

एक-तृतीयांशाच्या नियमाबद्दल (चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडून विषय त्या रेषांवर ठेवायचा) माझं मत थोडं वेगळं आहे. तो कित्ता आहे. गिरवावा आणि सोडून द्यावा. चाळीस वर्षांचा माणूस कित्त्याबरहुकूम अक्षर काढत असेल, तर ते वळणदार दिसतं, त्याचं दिसत नाही.

## 'माझ्याकडे तर फक्त मोबाइल आहे'

चालतोय की. अडचण मोबाइलची नाही, तो फुकटात मागेल तितके फोटो देतो याची आहे. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. संग्रहालयात नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवत होत्या. कॅमेऱ्याने बघितलंय ना, मग मी कशाला, असं मेंदूचं होतं. पण ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागाजवळ झूम करायला सांगितलं, त्यांच्या आठवणीला असा धक्का बसला नाही. तेव्हा एक फोटो झाल्यावर मोबाइल खाली करा, नुसतं बघा, मग ज्या भागाने खेचलं तेवढ्याचाच दुसरा घ्या. या दोन फोटोंमधल्या फरकात तुमची नजर उघडी पडलेली असते.

## 'सगळ्याचे फोटो आधीच काढून झालेत'

१९३० मध्ये एडवर्ड वेस्टन भोपळी मिरचीचे फोटो काढत होते. एक, दोन नव्हे. दिवसेंदिवस, मिरच्या बदलून बदलून. कधी पांढरी पार्श्वभूमी, कधी दुसरी काही, पण मनासारखं होईना. मग त्यांना एक पत्र्याचं मोठं नरसाळं सुचलं. मिरची त्याच्या तोंडाशी ठेवली, तसा उजेड चहूबाजूंनी परावर्तित होऊन तिच्या अंगावरून वाहू लागला. तो फोटो 'पेपर नंबर ३०' (इंग्रजीत पेपर म्हणजे मिरची) म्हणून ओळखला जातो. पाठमोरा, स्नायू आवळलेला एखादा देह वाटावा असा. मिरची त्यांच्याआधी लाखो लोकांनी पाहिली होती.

आल्फ्रेड स्टिगलिट्झ यांनी १९२० च्या दशकात ढगांचे फोटो काढायला घेतले, तेही अशाच एका तक्रारीच्या चिडीतून. लोक म्हणत, यांच्या फोटोंची ताकद समोरच्या माणसांत आहे. त्यांनी मग सगळ्यांच्या डोक्यावर फुकट असलेलं आभाळच घेतलं आणि कित्येक वर्षं तेच काढत राहिले. विषय संपल्याची तक्रार बहुतेक वेळा पहिल्या दहा फोटोंनंतर येते. वेस्टन दहाव्या मिरचीवर थांबले असते तर आज कुणाला आठवले असते का, कोण जाणे.

## आता मी काय करते

फार काही नाही. बाहेर पडताना विषय ठरवत नाही. पाय जिथे रेंगाळतो तिथे एक-दोन फोटो घेते आणि पुढे जाते. घेतलेला तिथल्या तिथे उघडून बघत नाही, ही सवय लावायला सगळ्यात जास्त त्रास झाला. महिन्याचे फोटो एका फोल्डरमध्ये जातात आणि सहा महिने ते फोल्डर उघडायचं नाही. मग एका बैठकीत वीस निवडायचे, प्रिंट काढायचे, पाठीमागे पेन्सिलीने तारीख टाकायची आणि एका खोक्यात टाकायचे. कधीतरी खोकं फरशीवर पालथं करते. मोठी लेन्स विकली. पक्षी अजूनही बघते, हात खिशात घालून.

गेल्या आठवड्यात दाराच्या कडीला एक छत्री अडकवलेली दिसली. टोकाशी थेंब जमत होता, लांबत होता, खाली पडत होता, आणि फरशीवर तळहाताएवढं पाणी साचलं होतं. एक फोटो घेतला. आता आठवतं तेव्हा वाटतं, माझ्या फोटोंतली माणसं नेहमी निघून गेलेली असतात. ही छत्री मात्र आत आलेल्या माणसाची आहे. काहीतरी बदलतंय, की नुसता पाऊस होता म्हणून काढला, ते अजून सांगता येत नाही. फोल्डर उघडायला सहा महिने आहेत.